"आधी सिक्रेट बदला, मग बोलू" म्हणणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार. तुमचं आडनावही मला माहीत नाही, म्हणून सगळ्यांसमोरच लिहितोय.

चार दिवस मी त्याच एका गोष्टीत अडकलो होतो. गिटहबचा (कोड ठेवायची साइट) एकच वेबहुक, म्हणजे तिथे काही घडलं की आपोआप येणारा संदेश, रिलेवरून (संदेश पुढे पाठवणारा मधला प्रोग्राम) दोन जागी जायचा, एक बाहेरच्या चॅट सर्व्हिसला आणि दुसरा आमच्या आतल्या नेटवर्कमधल्या बिल्ड सर्व्हरला (कोडमधून प्रोग्राम तयार करणारं मशीन). बाहेरचा नीट पोचायचा, आतल्याकडून दर वेळी ४०१, म्हणजे "ओळख पटली नाही" असं उत्तर. ज्याला विचारावं तो म्हणे फायरवॉल बघ. अहो, ४०१ आला म्हणजे रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत गेलीय ना, तोच नको म्हणतोय, फायरवॉलने अडवलं असतं तर टाइमआउट दिसला असता! एका सीनियरने तर सरळ पोर्ट इंटरनेटला उघडा म्हणून सांगितलं. ज्यांना आम्ही पैसे देतो त्या सपोर्टवाल्यांनी तीन दिवसांनी एका ओळीत उत्तर दिलं, सिग्नेचर (संदेश गिटहबचाच आहे हे दाखवणारी सही) तपासणं बंद करा, आतलंच तर मशीन आहे. राग आला खरंच.

शेवटी रात्री दीड वाजता वैतागून मी ग्रुपवर अख्खी कॉन्फिग फाइल टाकली. त्यात सिक्रेट, म्हणजे ती सही ज्याने होते तो गुप्त शब्द, तसाच होता, मला दिसलंच नाही. तो ज्याच्या हाती लागेल तो गिटहबच्या नावाने काहीही साइन करून आमच्या सर्व्हरला पाठवू शकला असता. तुम्ही तिथे सगळ्यांदेखत एक अक्षर बोलला नाहीत. मला वेगळा मेसेज केलात, "तो मेसेज काढा, आधी सिक्रेट बदला, मग बोलू, मी आहे जागी." आणि खरंच थांबलात, वीस मिनिटं, मी दोन्हीकडे नवीन सिक्रेट टाकेपर्यंत. दुसऱ्या कुणी चारचौघात माझी अक्कल काढली असती आणि मी ती मुकाट ऐकून घेतली असती, कारण चूक माझीच होती. ताई, ती वीस मिनिटं मी विसरणार नाही.

मग चूक सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. रिले संदेशातला जेसन (डेटा लिहायची एक पद्धत) उघडून परत बांधत होता आणि बांधताना प्रत्येक स्वल्पविरामापुढे एक स्पेस घालत होता. मजकूर तोच, बाइट्स वेगळे, म्हणजे एचमॅक (बाइट्स आणि सिक्रेट मिळून काढलेली तीच सही) जुळणारच नाही. बाहेरची सर्व्हिस सिग्नेचर बघतच नव्हती म्हणून तिकडे सगळं आलबेल दिसायचं. बॉडी, म्हणजे संदेशाचा मजकूर, आली तशीच पुढे द्यायची, एवढंच. मी विचारलं की आतल्या सर्व्हरला तपासणी हवीच का, तर तुम्ही म्हणालात, "रिले म्हणजे तुम्ही बाहेरच्याला घरात यायला वाट दिलीय, मग आतल्याने तर जास्तच बघायला हवं." हे मला इतकी वर्षं कुणी असं सांगितलं नव्हतं.

मनाचा चांगुलपणा वेगळाच असतो हो, ज्ञान असलेली माणसं खूप भेटतात पण समोरच्याची लाज राखून शिकवणारी फार थोडी.

गिटहब फेल झालेल्या डिलिव्हरी स्वतःहून परत पाठवत नाही हेही तुम्हीच आठवण करून दिलंत, ३ दिवसांच्या आतल्या सगळ्या मी त्याच रात्री परत पाठवल्या, त्याआधीचे बिल्ड हाताने चालवले. नवीन सिक्रेट आता गिटहबवर आणि बिल्ड सर्व्हरवर आहे, कुठल्याही फाइलमध्ये नाही. तुम्हाला हे कळावं असं फार वाटत होतं.