तुझ्या कादंबरीची नऊ प्रकरणं

सांगली

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

नऊ प्रकरणं वाचून झाली. विश्रामबागेतली पोरगी वर्गात तोंड उघडत नाही आणि रात्री फॅनफिक्शनच्या, म्हणजे दुसऱ्यांची पात्रं घेऊन लिहिलेल्या गोष्टींच्या, ग्रुपवर मात्र सगळ्यांची लाडकी, हे झकास जमलंय. गडबड आहे ती तिच्या पॅनिक अटॅकमध्ये, त्या अचानक उसळणाऱ्या भीतीच्या झटक्यात.

तो दोन तास चढतच राहतो, असं तू लिहिलंस. अटॅक साधारण 10 मिनिटांत टोकाला जातो आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरतो. मागे थकवा उरतो. बोटांना मुंग्या येतात हे बरोबर, पण ऑक्सिजन कमी पडल्यामुळे नव्हे. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, म्हणून मुंग्या आणि चक्कर. त्यामुळे ‘जोरात श्वास घे’ म्हणणारी मैत्रीण तिचं आणखी बिघडवेल. चार अंक मोजत नाकाने सावकाश आत, सहा मोजत बाहेर, असं पाचेक मिनिटं करू दे. कागदी पिशवीचा प्रसंग काढूनच टाक, दमेकऱ्याला किंवा हृदयरोग्याला ती धोक्याची. आणि पहिल्याच वेळी छातीत दुखतंय तर आधी दवाखाना, ईसीजी.

तोंडी परीक्षा बुडवल्यावर तिला हलकं वाटतं, ते वाक्य फार खरं आहे. त्या हलकं वाटण्यानेच पुढची तोंडी आणखी अवघड होते. हे चार ओळींत का उरकलंस? सीबीटीत, म्हणजे विचार आणि वागणं बदलायच्या उपचारात, याच्या उलट, पायरी-पायरीने जातात: आधी दुकानात स्वतः पाव किलो भडंग मागायचं, मग वर्गात एकच प्रश्न विचारायचा, मग उभं राहून वाचायचं. एका पायरीची भीती बोथट होईस्तोवर तीच पुन्हा पुन्हा.

गोळी घेऊन ती दोन दिवसांत हसायला लागते, हे तर अजिबात नाही. एसएसआरआय म्हणजे चिंता-नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्या, त्यांचा गुण यायला 2 ते 6 आठवडे जातात. सुरुवातीला मळमळ, कधी जास्तच घालमेल. आणि गोळ्या मानसोपचारतज्ज्ञ लिहून देतो, समुपदेशक नाही. रात्री एकटी असेल तर तिला 14416 फिरवू दे. ती टेली-मानसची, मानसिक त्रासासाठीची सरकारी फोन लाइन, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

आईने मोबाइल काढून घेतला की सगळं सुरळीत, हा शेवट मला पटला नाही. जिथे ती बोलते तीच जागा गेली की! त्रास मोबाइलचा नाही, दर शुक्रवारी नवा भाग टाकायच्या धास्तीचा आहे. चार भाग आधी लिहून ठेवायचे आणि कमेंट दिवसातून एकदाच बघायच्या, हे तिला सुचू दे. फॅनफिक्शनला चोरी म्हणणाऱ्या तुझ्या त्या मास्तरांना कुणीतरी सांगा, 1843 साली विष्णुदास भाव्यांनी याच सांगलीत ‘सीतास्वयंवर’ नाटक केलं, तेही रामायणातल्या आयत्या पात्रांवरच.

ग्रुपवरच्या ओळखीतली मिरज स्टेशनवरची भेट ठेव. फक्त आधी एक व्हिडिओ कॉल, वेळ दिवसाची, घरी कुणाला तरी ठाऊक असलेली, आणि परतीचं तिकीट तिच्या स्वतःच्या खिशात.

दहावं प्रकरण पाठव, पण युनिकोडमध्ये. मागच्या फाइलमधली अर्धी जोडाक्षरं चौकोन होऊन आली होती.

तुझी,
आई