काही उजळू नये, अशी प्रार्थना नको

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, "सीटी झाला, बायोप्सी झाली, आता हा आणखी एक डोटाटेट पेट स्कॅन कशाला?" असं तुम्ही काल विचारलंत तेव्हा मी घाईत होते, धड उत्तर दिलं नाही.

तुमच्या यकृतावरचे ठिपके न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरचे, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या गाठीचे आहेत, हे बायोप्सीने सांगितलं. केआय-67, म्हणजे वाढत्या पेशींचं प्रमाण, दोन टक्के; म्हणजे ग्रेड 1, सावकाश वाढणारा. पण मूळ गाठ अजून सापडलेली नाही. ती बरेचदा लहान आतड्यात किंवा स्वादुपिंडात असते आणि इतकी बारीक की सीटीतून निसटते. या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या हार्मोनला धरून ठेवणारे रिसेप्टर बहुधा भरपूर असतात. डोटाटेट त्या हार्मोनची नक्कल करतं. त्याला किरणोत्सारी गॅलियम-68 जोडून शिरेतून देतात. ते जिथे चिकटेल ती जागा पेट स्कॅनमध्ये उजळते. महिन्याचं ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शनही त्याच रिसेप्टरांवर बसतं, म्हणून डॉक्टरांनी ते स्कॅननंतर ठेवलंय. विसरले नाहीत ते.

आई, "काही उजळू नये" म्हणून देवाला साकडं घातलं असशील तर मागे घे. यकृतातले ठिपके उजळायलाच हवेत. पुढे गरज पडली तर त्याच रिसेप्टरांच्या वाटेने ल्युटेशियम-177 हे किरणोत्सारी औषध गाठीपर्यंत पोचवता येतं. ठिपके उजळलेच नाहीत, तर ती वाट बंद.

प्लीहा, मूत्रपिंडं, पिट्युटरी, अॅड्रिनल ग्रंथी मात्र सगळ्यांच्याच उजळतात. बाबा, मागच्या रिपोर्टवर तुम्ही पेन्सिलीने रेघा मारून ठेवल्या होत्या आणि दोन रात्री जागलात. या नावांखाली रेघ नको. स्वादुपिंडाच्या डोक्याशी तर कधी कधी काही नसतानाही उजळतं, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

उपाशी राहायचं नाही, मी विभागात फोन करून विचारलंय. उपास लागतो तो साखरेच्या पेटला, एफडीजीला. पाणी मात्र भरपूर प्या. गॅलियम दर 68 मिनिटांनी निम्मं होतं, रात्रीपर्यंत नावाला उरेल. तरी त्या दिवशी नातवाला मांडीवर घेऊ नका. तो रडेल, रडू दे.

रिपोर्टचा फोटो पाठवताना पूर्ण पान येऊ द्या. मागच्या वेळी नेमका 'इम्प्रेशन'चा, म्हणजे निष्कर्षाचा परिच्छेद बाबांच्या अंगठ्याखाली गेला होता.

तुमची,
धाकटी