एकाच जोडीतल्या दोन स्प्रिंगांत ८ मिलिमीटरचा फरक

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : मागच्या स्प्रिंगांची सदोष जोडी आणि सांगितल्यापेक्षा बारीक अँटी-रोल बार याबाबत.

महोदय,

जानेवारीत, गड्डा यात्रा सुरू असताना, मी आपल्याकडून मागचा अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा, वळणात गाडीचे झुकणे कमी करणारा दांडा) आणि चार स्प्रिंगा असा संच मागवला. माझी गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी साधी हॅचबॅक आहे. सोलापूरहून आईला घेऊन महिन्यातून एकदा तरी तुळजापूरला जाणे होते. घाटाच्या वळणावर स्टिअरिंग वळवले तरी गाडीचे नाक बाहेर सरकायचे, ते कमी व्हावे एवढेच मला हवे होते. मागचा बार जाड केला की वळणात मागच्या बाहेरच्या चाकावर जास्त भार येतो, पुढच्या बाहेरच्या चाकाचा तेवढा हलका होतो आणि नाक वळणात राहते. हे गणित मला पटले होते, आजही पटते. माझी तक्रार तुम्ही पाठवलेल्या मालाबद्दल आहे.

संच बसवल्यावर पहिल्याच फेरीत उजव्या वळणावर नाक पूर्वीसारखेच बाहेर गेले आणि डाव्या वळणावर गाडीचा मागचा भाग एकदम सुटला. आई मागे बसली होती. तिने पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली, ती वर पोहोचेपर्यंत सोडली नाही आणि एक शब्दही बोलली नाही.

तुमच्या तांत्रिक विभागाने फोनवर टायरची हवा आणि अलाइनमेंट बघायला सांगितले. दोन्ही केले, पावत्या सोबत आहेत. मग उत्तर आले की नव्या स्प्रिंगा बसायला हजार किलोमीटर लागतात. तेवढी गाडी चालवली, काहीही बदलले नाही. तिसऱ्या फोनला माझ्या चालवण्याच्या सवयीवर बोट ठेवले गेले. वीस वर्षे गाडी चालवतो आहे. सवयीने गाडी डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरेच वागत नाही.

शेवटी होटगी रोडवरच्या आमच्या मिस्त्रींनी मागच्या दोन्ही स्प्रिंगा काढून फरशीवर शेजारी शेजारी उभ्या केल्या. नुसत्या डोळ्यांनी फरक दिसला. उजवी ३१२ मिलिमीटर, डावी ३०४. दोन्हींवर क्रमांक एकच. मिस्त्री म्हणाले, ‘अदलाबदल करून बघू, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको.’ डावीची स्प्रिंग उजवीकडे घातली, तर आधी डावीकडे झुकलेली गाडी उजवीकडे झुकली. दुसऱ्या दिवशी पहाटे एकटाच घाटात गेलो. आता उजव्या वळणावर मागचा भाग सुटत होता आणि डाव्या वळणावर नाक बाहेर जात होते. स्प्रिंगेबरोबर दोषही बाजू बदलतो, याहून वेगळा पुरावा काय देऊ?

कारण तुमच्या अभियंत्यांना सांगायला नको, तरी लिहितो. मागची एक स्प्रिंग आखूड असली की त्या चाकावरचा आणि तिरक्या समोरच्या पुढच्या चाकावरचा भार कमी होतो, उरलेल्या दोन चाकांवर वाढतो. म्हणून एका बाजूच्या वळणावर मागचा भाग सुटतो आणि दुसऱ्या बाजूच्या वळणावर नाक बाहेर जाते. शिवाय दोन बाजूंची उंची वेगळी असल्याने गाडी सपाट जागी उभी असतानाच बार पीळ खाऊन बसतो.

बारही तपासला. खोक्यावर आणि बिलावर २४ मिलिमीटर लिहिले आहे. व्हर्निअरने तीन ठिकाणी मोजला, रंगाच्या थरासकट २२ भरला. दोन मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण भरीव बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातात बदलतो. बाकी मापे तीच धरली तर २२ चा बार २४ च्या जेमतेम ७१ टक्के ताठ असतो. पैसे मात्र मी पूर्ण २४ चे मोजले आहेत.

मला मागच्या स्प्रिंगांची जुळलेली जोडी हवी आहे, प्रत्येक स्प्रिंगेची उंची आणि ताठपणा मोजल्याच्या नोंदीसह. बार खरा २४ चा हवा. बसवणे, काढणे, पुन्हा बसवणे आणि अलाइनमेंट यांची मजुरीही मिळावी. हे जमणार नसेल तर संचाची पूर्ण रक्कम परत करा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सोलापूर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आणखी एक मनापासून सांगतो. याच क्रमांकाच्या स्प्रिंगा तुम्ही आणखी कुणाकुणाला पाठवल्या असतील, त्यांना आधी कळवा. माझी गाडी रुंद वळणावर सुटली आणि समोरून ट्रक नव्हता, म्हणून आज हे पत्र लिहितो आहे.

गाडीला मूळ स्प्रिंगा परत बसवल्या आहेत. तुमचा संच खोक्यासह गॅरेजमध्ये जपून ठेवला आहे. तुमच्या माणसाने येऊन समोर मोजावा, मिस्त्री रविवार सोडून रोज असतात.

आपला ग्राहक,
सोलापूर

सोबत : बिल, अलाइनमेंटच्या पावत्या, मोजमापाची छायाचित्रे