लोणारचं पाणी वाढलं, यात आनंद कसला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लोणार सरोवराची पातळी वाढल्याची बातमी आली की आमच्याकडे बहुतेकांच्या तोंडून 'बरं झालं' असंच निघतं. दुष्काळ सोसलेल्या बुलढाणा जिल्ह्यात भरलेलं तळं कुणाला नको आहे? पण लोणार म्हणजे धरण नव्हे.

उल्केच्या आघातानं बेसॉल्टमध्ये पडलेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर. यातून पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. आत आलेलं पाणी वाफ होऊन जातं, क्षार तिथंच राहतात. हजारो वर्षं हेच चालल्यानं पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) दहाच्या वर गेला. मी शाळेत विज्ञान शिकवायचो तेव्हा सहलीत मुलांना ते पाणी बोटांवर चोळायला लावायचो. साबण लावल्यागत बोटं बुळबुळीत व्हायची, लाल लिटमस लगेच निळा पडायचा. काठाला पांढरी पापडी धरलेली असायची. उग्र वासानं निम्मी मुलं नाक दाबून उभी, त्यांना लिटमसशी काही देणंघेणं नसे.

इथली जीवसृष्टी या क्षारांवरच जगते. पाण्याला हिरवा रंग देणारी स्पिरुलिना (सूक्ष्म निळं-हिरवं शेवाळ) त्यातलीच. जून २०२० मध्ये पाणी आटून क्षारता वाढली आणि सरोवर गुलाबी झालं. ते क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं. आता काटा उलट फिरतोय. पाणी कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत चढलं, काठच्या बाभळी पाण्यात उभ्याच वाळल्या. मंदिराची काळजी सगळ्यांना आहे आणि ती रास्तच आहे. पण क्षारता किती उतरली, हे कुणी विचारताना दिसत नाही. २००० साली अभयारण्य झालं, २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव गेलं. कुंपणानं गुरं अडतात; गावाकडून उतरणारं सांडपाणी कसं अडणार? (आघातानं विवराबाहेर फेकल्या गेलेल्या मलब्याच्या थरावर घरं-रस्ते झाले, ते दुखणं आणखी वेगळं.)

हल्ली 'पंप लावून उपसा करा' असा सल्लाही कानावर येतो. उपशाबरोबर क्षारही जातील, ते परत कुठून आणणार? अडवायचंच तर गोडं पाणी आणि सांडपाणी सरोवरात उतरण्याआधी अडवावं. त्यासाठी वाढीव पाणी पावसाचं किती, झऱ्यांचं किती, गटाराचं किती, हे आधी मोजायला हवं.

संबंधित खात्यांना एवढीच विनंती, की पातळी, सामू आणि क्षारता यांचे आकडे दर महिन्याला विवराच्या कडेवर, पर्यटक फोटो काढतात तिथं, फलकावर लिहावेत. खडू-फळ्यावर लिहिले तरी चालतील.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, जि. बुलढाणा