बालरोगतज्ज्ञांनी लशीबद्दल आईशी ठामपणे बोलावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तान्ह्या बाळांच्या लशींबाबत मुलांच्या डॉक्टरांमध्येच दोन तट आहेत, अशा अर्थाचे मेसेज हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात आणि शिकल्यासवरल्या घरांतूनही ते खरे मानले जातात. माझी सगळी नोकरी पलूस तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून गेली. कामाच्या निमित्ताने सांगली-मिरजेतल्या अनेक बालरोगतज्ज्ञांशी बोलणे व्हायचे. पेंटा (डांग्या खोकल्यासह पाच रोगांवरची एकत्रित लस) टाळा किंवा गोवराची लस नको, असे त्यांतल्या एकाच्याही तोंडून मी कधी ऐकले नाही. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही त्यांची देशपातळीवरची संघटना. तिचे वेळापत्रक तर सरकारी वेळापत्रकाच्याही पुढे जाते. टायफॉइड, कांजिण्या, कावीळ अ, फ्लू यांच्या लशी त्यात वाढीव आहेत. डॉक्टरांचे मत पक्के आहे. माझी तक्रार अशी, की हे पक्के मत केबिनमध्ये आईसमोर बोलून दाखवले जात नाही.

“लशीचं काय ठरवलंय मग? द्यायची का आज?” असे डॉक्टर विचारतात. जबरदस्ती वाटू नये हा त्यांचा हेतू चांगलाच आहे. पण दीड महिन्याची बाळंतीण, शेजारी सासूबाई, बाहेर गाडीपाशी नवरा. ती बिचारी काय ठरवणार? “घरी विचारून सांगते” म्हणून उठते आणि तो डोस महिना-दोन महिने पुढे जातो. अमेरिकेत सिएटल परिसरातल्या दवाखान्यांतली अशी संभाषणे चित्रित करून त्यांचा अभ्यास झाला आणि तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टरांनी “आज या या लशी द्यायच्या आहेत” असे सांगितले तिथे 26 टक्के पालकांनी आढेवेढे घेतले. “काय करायचं?” असे विचारले तिथे हेच प्रमाण 83 टक्क्यांवर गेले. नको म्हणणाऱ्यांनाही डॉक्टरांनी पुन्हा नेटाने सांगितले, तेव्हा त्यांतले जवळजवळ निम्मे तयार झाले.

लशीने मूल स्वमग्न होते, ही भीती आपल्या भागात मला फारशी दिसली नाही. ज्या ब्रिटिश लेखामुळे ती जगभर पसरली तो 1998 चा लेख 2010 मध्ये मासिकाने मागेही घेतला. आपल्याकडची खरी अडचण तापाची आहे. “सिस्टर, चांगलं खेळतं पोरगं तुमच्या सुईनं फणफणलं की!” हे वाक्य प्रत्येक आरोग्यसेविकेने ऐकलेले असते. पेंटामध्ये डांग्या खोकल्याचा जो भाग असतो, त्यात त्या जंतूचे मारलेले पूर्ण शरीर वापरलेले असते. म्हणून बाळाला एक-दोन दिवस ताप येतो, मांडी सुजते, बाळ किरकिर करते. खासगीत मिळणाऱ्या ‘पेनलेस’ लशीत त्या जंतूचे फक्त निवडक अंश असतात. ताप कमी येतो हे खरे, पण डांग्या खोकल्यापासूनचे तिचे संरक्षण लवकर ओसरते. त्यामुळेच, ज्या देशांत पहिल्या डोसांना पूर्ण जंतूची लस दिली जाते त्यांनी तीच चालू ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितले. ही माहिती बाळाच्या घरच्यांपर्यंत पोचते का? त्यांच्या कानावर पडते ते एवढेच, की एक लस महाग आणि बिनतापाची, दुसरी फुकट आणि तापाची. बाकीचा अर्थ लोक आपापला लावतात.

आमच्या भागातल्या एका मळ्यावरच्या सुनेचे असेच झाले. शहरातल्या दवाखान्यात तिला बिनतापाच्या लशीचा काही हजारांचा आकडा कळला. तेवढे पैसे हातात नव्हते. उपकेंद्रातली लस ‘हलकी’ असणार असे धरून ती आमच्याकडेही आली नाही. बाळ चार महिन्यांचे झाले तरी दीड महिन्याचा डोससुद्धा झालेला नव्हता. त्या डॉक्टरांनी काही खोटे सांगितले नव्हते. “सरकारी लसही चांगली आहे, उद्याच गावात जाऊन घ्या” हे एक वाक्य तेवढे राहिले होते, आणि आमच्या शंभर समजावण्यांपेक्षा डॉक्टरांच्या त्या एका वाक्याला घरात जास्त वजन असते.

चार महिन्यांपर्यंतचा हा उशीर साधा नाही. डांग्या खोकला मोठ्यांना बेजार करतो, पण दोन-तीन महिन्यांच्या बाळाचा श्वासच थांबवू शकतो. खोकल्याचा तो ओळखीचा आवाजही इतक्या लहान जिवाला काढता येत नाही, म्हणून घरच्यांना कळतही नाही. 2010 मध्ये कॅलिफोर्नियात या रोगाची साथ आली. नऊ हजारांवर रुग्ण झाले आणि 10 तान्ही बाळे गेली. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याची वेळ ठरवली आहे ती याच वयासाठी. कावीळ ब ची पहिली लस तर जन्मल्यापासून 24 तासांत हवी, कारण जन्मताना आईकडून लागण झालेल्या दहांपैकी नऊ बाळांना ती कावीळ कायमची चिकटते. तरीही “डिस्चार्जच्या दिवशी देऊ” असे काही प्रसूतिगृहांत सांगतात. तिथे बाळ तपासायला येणाऱ्या बालरोगतज्ज्ञांनी हे थांबवायला हवे.

आपल्या जिल्ह्याचे आणखी एक आहे. बाळंतपण माहेरी, पहिले डोस माहेरी, आणि सासरी परतताना कार्ड माहेरच्या कपाटात. विटा-आटपाडीकडची गलाई (सोने-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातली कुटुंबे तर बाळ घेऊन थेट परराज्यांत जातात. हंगामात ऊसतोड मजुरांच्या खोपटांत बाहेरच्या जिल्ह्यांतली बाळे येतात, त्यांच्याकडे बऱ्याचदा कार्डच नसते. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस आणि दीड वर्षाच्या सुमाराचा तिचा दुसरा डोस अशा घरांत हमखास हुकतो. गोवर अशी हुकलेली मुले बरोबर शोधून काढतो. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराच्या साथीत काय झाले ते सर्वांनी वाचले आहे. ही मुले आशाताईंना घरी सापडली नाहीत तरी सर्दी-जुलाबासाठी कुठल्या ना कुठल्या डॉक्टरांसमोर येतातच. तेव्हा कार्ड मागावे. कार्ड नसेल तर विचारपूस करून राहिलेली लस त्याच दिवशी द्यावी किंवा जवळच्या केंद्राकडे चिठ्ठी द्यावी. साधी सर्दी असली तरी लस देता येते, हेही त्यांनीच सांगावे; आमच्या तोंडून ते लोकांना पटत नाही.

जिल्ह्यातल्या बालरोगतज्ज्ञांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी पुढच्या लशीची तारीख मराठीत लिहा आणि त्याखाली लिहा, ‘उपकेंद्रात मोफत, तितकीच चांगली’. ताप आला तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल किती द्यायचे, तेही तिथेच लिहा. डाव्या दंडावरची बीसीजीची (क्षयरोगाच्या लशीची) गाठ महिन्या-दीड महिन्याने पिकते, तिच्यावर हळद-तेल काही लावू नये, हे आईला आधीच सांगून ठेवा. आणि संपादक महोदय, ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्याआधी आपल्या दैनिकाने या डॉक्टरांना त्यांच्याच शब्दांत लिहायला सांगून ते पहिल्या पानावर छापावे.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ता. पलूस, जि. सांगली