गोळी वेळेवर मिळाली का, हेही विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हॉस्पिटलमधून डिस्चार्ज घेताना एक फीडबॅक फॉर्म हातात देतात, तो बहुतेकांनी कधी ना कधी भरला असेल. स्वच्छता कशी होती, जेवण कसं होतं, स्टाफ नीट बोलला का, बिलाला किती वेळ लागला आणि शेवटी आमचं हॉस्पिटल नातेवाइकांना सुचवाल का. प्रश्न चुकीचे नाहीत. पण ज्याला पार्किन्सन्स म्हणजे कंपवात आहे, किंवा पॅरालिसिसच्या झटक्यानंतर ज्याची वाचा गेलीय, त्याला तिथले दिवस कसे गेले हे ज्या गोष्टींवर ठरतं त्या या फॉर्मात कुठेच नसतात. आणि मुळात तो फॉर्म पेशंटपर्यंत पोचतच नाही, तो भरतं घरचं कोणीतरी, कॅश काउंटरच्या लाइनीत उभं राहून, इन्शुरन्सचं अप्रूव्हल आलं का ते मोबाइलवर बघत बघत.

माझ्या बाबांना बरीच वर्षं पार्किन्सन्स आहे. मागच्या वर्षी ते बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि एका मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. ऑपरेशन उत्तम झालं, सर्जनबद्दल माझी काहीही तक्रार नाही हे आधीच सांगते. माझं म्हणणं आहे ते वॉर्डातल्या गोळ्यांच्या वेळांबद्दल.

बाबा लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी घेतात, बहुतेक घरांत ती सिंडोपा म्हणून माहीत आहे. घरी त्यांच्या वेळा सकाळी ७, १०, दुपारी १, ४ आणि संध्याकाळी ७ अशा ठरलेल्या, त्यात पंधरा मिनिटं इकडची तिकडं झाली तरी आम्हाला त्यांच्या चालण्यावरून कळतं. कारण या औषधाचं रक्तातलं प्रमाण साधारण दीड तासात निम्म्यावर येतं आणि आजार जुना झाला की मेंदूत त्याचा साठाही उरत नाही, म्हणजे एका गोळीचा असर उतरायच्या आत दुसरी लागू व्हायलाच हवी. शिवाय दूध, अंडं, डाळ असं प्रोटीन पोटात असेल तर गोळी नीट शोषली जात नाही म्हणून ती खाण्याच्या अर्धा तास आधी द्यायची असते. वॉर्डात गोळ्यांचा राउंड असतो सकाळी ८, दुपारी २ आणि रात्री ८, तोही नाश्ता जेवण झाल्यावर. आरएमओंनी, म्हणजे वॉर्डातल्या निवासी डॉक्टरांनी, फाइलीत लिहिलं टीडीएस, म्हणजे दिवसातून तीनदा, झालं, पाचाच्या तीन झाल्या. घरून नेलेली स्ट्रिप सिस्टरांनी नर्सिंग स्टेशनवर जमा करून घेतली, तसा नियम आहे म्हणाल्या, आणि नियमामागचं कारण मला मान्य आहे, दोन्हीकडून डबल डोस जायला नको. पण मग ती वेळेवर देण्याची जबाबदारीही त्यांच्यावर येते ना?

साडेअकराला फिजिओथेरपिस्ट यायचे. तोपर्यंत आठची गोळी, ती पण उपमा आणि दुधावर घेतलेली, केव्हाच उतरलेली असायची. बाबांना पलंगाच्या कडेला बसवलं की पाय जमिनीला खिळल्यासारखे, चेहरा कोरा, मान खाली. "काका, प्रयत्न तरी करा, तुम्ही पाय उचलतच नाही." बाबांचे ओठ हलत होते, बोलत होते ते, पण आवाज शेजारी उभ्या असलेल्या मलाच ऐकू येईना तर फिजिओला काय येणार. दुसऱ्या दिवशी फाइल बघितली तर लिहिलेलं, पेशंट सहकार्य करत नाही. ज्या माणसानं तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि आजही गोळी लागू झाली की सोसायटीच्या गेटपर्यंत चालत जाऊन स्वतः दूध आणतात त्यांच्याबद्दल हे वाक्य वाचून मला रडू आलं, आणि रागही आला. ऑपरेशननंतर लवकर चालायला लागणं किती महत्त्वाचं हे सगळे डॉक्टर सांगतात, मग चालायला लावणारी गोळीच उशिरा देऊन कसं चालेल?

ऑपरेशननंतर बाबांना मळमळत होतं तेव्हा मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन लिहिलं गेलं. उलटीसाठी हे औषध सर्रास देतात पण हालचालींसाठी मेंदूला लागणारं जे डोपामाइन लेव्होडोपापासून बनतं त्याचाच मार्ग ते अडवतं, म्हणून पार्किन्सन्सच्या पेशंटला ते टाळायचं असतं. माझी बहीण तिथे होती, तिनं विचारलं म्हणून ते बदललं. रात्री म्हातारी माणसं बरळायला लागली की हॅलोपेरिडॉल देतात, त्याचंही तेच. बहीण त्या क्षणी खाली चहा प्यायला गेली असती तर? आणि लेव्होडोपा अचानक बंद पडली तर क्वचित पेशंटला जोराचा ताप येतो, अंग लाकडासारखं कडक होतं आणि जिवावर बेततं. म्हणून ही गोळी बीपीच्या गोळीसारखी "थोड्या वेळानं देते" म्हणण्यातली नाही, एवढंच वॉर्डातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

मेंदूच्या आणि नसा-स्नायूंच्या इतर आजारांतही असं पुष्कळ आहे. मायस्थेनिया म्हणजे स्नायू थकून ढिले पडण्याचा आजार, त्याची गोळी लांबली तर घास गिळणं अवघड होऊ शकतं आणि त्या पेशंटना काही अँटिबायोटिक्सही चालत नाहीत. फिट्सच्या पेशंटला ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलं म्हणून त्याची गोळीही राहिली तर फिट येऊ शकते. झटक्यानंतर वाचा गेलेल्या माणसाला पुष्कळदा सगळं समजत असतं, पण लोक त्याच्यासमोर त्याच्याबद्दल तो तिथे नसल्यासारखं बोलतात.

आता समाधानाचं बघा. डिस्चार्जच्या वेळी काउंटरवरची मुलगी मला म्हणाली, "ताई, सगळीकडे एक्सलंट करा ना, आमचं रेटिंग असतं." तिचा काय दोष, तिच्यावर वरून प्रेशर असणार. सरकारी दवाखान्यांसाठी केंद्र सरकारनं २०१६ साली 'मेरा अस्पताल' सुरू केलं, चांगली योजना आहे ती, पेशंटला एसएमएस किंवा फोन करून अनुभव विचारतात. पण तो फोन जातो नोंदणीत दिलेल्या नंबरवर, आणि तो नंबर असतो मुलाचा नाहीतर जावयाचा. पार्किन्सन्समध्ये अक्षर मुंगीएवढं होतं, आवाज बसतो, चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत, म्हणजे माणूस दुखण्यानं कळवळत असला तरी "बरं वाटतंय ना काका" विचारणाऱ्या सिस्टरला तो शांतच दिसतो. अशा माणसाला निवांत वेळ देऊन, गोळी लागू असताना, हो-नाही करता येईल अशा पद्धतीनं विचारल्याशिवाय त्याचं समाधान तुम्हाला कळणार कसं? घरच्यांचं समाधान आणि पेशंटचं समाधान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ब्रिटनमध्ये तिथल्या पार्किन्सन्स संस्थेनं २००६ पासून 'गेट इट ऑन टाइम' अशी मोहीम चालवलीय, आणि तिथल्या नाइस या सरकारी संस्थेच्या २०१८ च्या मानकात हॉस्पिटलातल्या पेशंटला लेव्होडोपा त्याच्या ठरलेल्या वेळेच्या ३० मिनिटांच्या आत मिळालीच पाहिजे असं म्हटलंय. तिकडे नर्स जास्त, पैसा जास्त, इथे एका सिस्टरकडे किती पेशंट असतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे त्यांना दोष देणं मला पटत नाही. पण त्याच वॉर्डात नाइटला एक केरळच्या सिस्टर होत्या, त्यांना मी वेळांचा कागद दाखवून नीट समजावलं तर त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर सकाळी ७ चा अलार्म लावला आणि ड्यूटी संपायच्या आत पहिली गोळी पाण्याबरोबर देऊनच जायला लागल्या. त्या दिवसांत बाबा नाश्ता स्वतःच्या हातानं खायचे. याला एक रुपया खर्च आला नाही.

हॉस्पिटलांना आणि त्यांचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएचला माझी विनंती आहे की अशा पेशंटच्या पलंगावर त्याच्या औषधाच्या वेळा ठळक लावा, पेशंट किंवा घरचं माणूस जबाबदारीनं देऊ शकत असेल तर लेखी घेऊन त्याची औषधं त्याच्याकडेच राहू द्या, आणि फीडबॅक फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढवा, तुमची औषधं तुमच्या घरच्या वेळेप्रमाणे मिळाली का? उत्तर पेशंटनं दिलं की नातेवाइकानं हेही तिथेच लिहा.

आणि ज्यांच्या घरी पार्किन्सन्सचा पेशंट आहे त्यांना सांगते, ऑपरेशन ठरलेलं असो की इमर्जन्सी, गोळ्यांचं नाव, डोस, घड्याळाची वेळ आणि कुठली औषधं चालत नाहीत असा एक कागद न्यूरॉलॉजिस्टच्या सही-शिक्क्यासकट आत्ताच करून ठेवा. ॲडमिट होताना तो फाइलीच्या पहिल्या पानाला लावून घ्या, टीडीएस लिहिलं तर थांबवा आणि तिथल्या तिथे ७, १०, १, ४, ७ असे तास लिहून मागा, आणि ड्यूटी बदलली की नव्या सिस्टरना तो कागद परत दाखवा.

आपली,
एक वाचक, पुणे