मुंबई-पुण्याच्या नाट्यवादात छोट्या सभागृहांचा विसर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबई आणि पुणे यांच्या रंगभूमीची तुलना करणारी काही पत्रे आपल्या दैनिकात अलीकडे वाचनात आली. मुंबईचे नाटक गल्ल्याकडे पाहते आणि पुण्याचे आशयाकडे, असा एका बाजूचा सूर होता. पुण्यात चार मित्र नाटक करतात आणि त्यांचेच चाळीस मित्र ते पाहतात, असे दुसऱ्या बाजूचे उत्तर होते. शिक्षणाच्या निमित्ताने पुण्यात आणि नोकरीच्या निमित्ताने मुंबईत राहिलेला, दोन्हीकडे पदरचे तिकीट काढून नाटक पाहणारा प्रेक्षक म्हणून मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. व्यावसायिक आणि प्रायोगिक हा भेद शहरांच्या स्वभावातून आलेला नाही. कोणत्या शहरात, कोणत्या काळी, शे-दीडशे माणसांपुढे नाटक करण्याची परवडणारी जागा उपलब्ध होती, यावरच तो बऱ्याच अंशी ठरत आला आहे, आणि या वादात नेमकी तीच गोष्ट कोणी बोलत नाही.

प्रायोगिक नाटकाची मक्तेदारी पुण्याकडे असल्याचे सांगणाऱ्यांनी थोडे मागे जाऊन पाहावे. विजया मेहता यांची ‘रंगायन’ ही संस्था मुंबईची. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ साली तिनेच रंगमंचावर आणले. रंगायन फुटल्यानंतर अरविंद आणि सुलभा देशपांडे यांनी ‘आविष्कार’ ही संस्था उभी केली आणि १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात जे घडले, त्याला पुढे लोकांनीच ‘छबिलदास चळवळ’ असे नाव दिले. तिथे पडदा नव्हता, विंगा नव्हत्या, प्रेक्षकांसाठी साध्या खुर्च्या होत्या आणि खालून दादरच्या गर्दीचा आवाज येत असे. मात्र ही जागा स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर होती, भाडे हौशी संस्थांना झेपणारे होते आणि आविष्कारने ती केवळ स्वतःपुरती न ठेवता इतर संस्थांनाही खुली केली होती. त्यामुळे कल्याणचा कारकून आणि गिरगावचा प्राध्यापक कचेरीतून सुटून नाटकाला येऊ शकत होते आणि प्रयोगानंतर नट-दिग्दर्शकांशी वाद घालून शेवटच्या लोकलच्या आत घरी परतू शकत होते. चळवळ उभी राहण्यामागे प्रतिभा होतीच. पण त्या प्रतिभेला दर आठवड्याला प्रेक्षकासमोर उभे राहता आले, हे त्या सभागृहाचे श्रेय आहे.

त्याच सुमारास पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात तेंडुलकरांचेच ‘घाशीराम कोतवाल’ हे वादग्रस्त ठरलेले नाटक सादर केले आणि एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेनेच ते थांबवले. जब्बार पटेल, सतीश आळेकर, मोहन आगाशे आदी मंडळी बाहेर पडली, १९७३ साली थिएटर अकादमी स्थापन झाली आणि नाटक पुन्हा उभे राहून परदेशापर्यंत गेले. ‘पुणे म्हणजे धाडस’ असे म्हणताना हेही लक्षात ठेवावे की ते नाटक बंद करणारी संस्था पुण्याचीच होती आणि ते जगवणारेही पुण्याचेच होते. उलट ‘मुंबई म्हणजे व्यवसाय’ म्हणणाऱ्यांनी डॉ. श्रीराम लागू आठवावेत. पुण्याच्या प्रायोगिक वर्तुळात घडलेला हा नट वैद्यकी सोडून पूर्णवेळ रंगभूमीवर आला आणि १९७० साली त्याने साकारलेले ‘नटसम्राट’ नाटकातील अप्पासाहेब बेलवलकर मुंबईच्या गोवा हिंदु असोसिएशनच्या रंगमंचावर उभे राहिले. विजयाबाईंनीही पुढे मुख्य प्रवाहात ‘संध्याछाया’, ‘पुरुष’ यांसारखी नाटके केली. या माणसांना कोणत्या शहराच्या आणि कोणत्या प्रवाहाच्या खात्यावर मांडायचे?

व्यावसायिक नाटकाबद्दल तुच्छतेने लिहिणाऱ्यांविषयीही मला बोलले पाहिजे, कारण ते पडद्यामागची मेहनत पाहत नाहीत. दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात दुपारचा प्रयोग संपून रात्रीच्या वेगळ्या नाटकाचा प्रयोग लागतो, त्या मधल्या वेळात विंगेत उभे राहण्याची संधी मला एका परिचितामुळे मिळाली होती. प्रेक्षक बाहेर पडत असतानाच पहिल्या नाटकाच्या दिवाणखान्याच्या भिंती सुट्या होऊ लागतात, खिळे आणि दोऱ्या निघतात, सोफा अंग चोरून दरवाजातून बाहेर जातो आणि त्याच दरवाजातून दुसऱ्या नाटकाची चाळ आत येते. प्रकाशयोजनेचे दिवे नव्या जागी वळवले जातात, इस्त्रीवाला कपडे टांगून मोकळा होतो, आणि तिसरी घंटा होते तेव्हा प्रेक्षकाला यातले काहीही जाणवत नाही. हे काम करणाऱ्या कामगारांचे घर प्रयोगामागे मिळणाऱ्या ‘नाईट’वर, म्हणजे त्या प्रयोगाच्या मेहनतान्यावर, चालते. प्रयोग रद्द झाला तर नाईटही नाही. महाराष्ट्रात नाटकावर पोट भरणारी ही व्यवस्था मुख्यतः मुंबईतल्या निर्मात्यांनी टिकवली आहे आणि तिच्यामुळेच पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या प्रेक्षकाला शनिवार-रविवारी नाटक पाहायला मिळते. बालगंधर्व रंगमंदिराच्या दारात रविवारी दुपारी साडेबाराच्या प्रयोगाला होणारी गर्दी बहुतेक वेळा मुंबईच्या नाटकासाठीच असते, हे पुणेकरांनी मोकळेपणाने मान्य करावे.

परंतु या व्यवस्थेची मर्यादा तिच्या गणितातच आहे. नऊशे-हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहाचे भाडे, नटांचे मानधन, नेपथ्याची वाहतूक आणि वर्तमानपत्रांतील जाहिराती एवढा खर्च वसूल व्हायचा तर निम्म्याहून अधिक सभागृह भरावेच लागते. पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला वस्तू व सेवा कर लागत नाही, त्यामुळे बहुतेक निर्माते दर त्याच्या वर नेत नाहीत. हे गणित सांभाळताना मालिकेतला ओळखीचा चेहरा हवा, विनोद हवा, कुटुंबाला बरोबर घेऊन पाहता येईल असा विषय हवा, असे दडपण येतेच. त्यासाठी निर्मात्याला दोष देण्यात अर्थ नाही. मात्र अनोळखी लेखकाचे, अनोळखी नटांचे, कदाचित फसणारे नाटक या गणितात बसत नाही, आणि म्हणूनच फसण्याची मुभा देणारी छोटी जागा शहराला लागते.

इथे मुंबई आज मागे पडली आहे, हे मला मुंबईत राहूनही लिहावे लागत आहे. छबिलदासचे पर्व संपल्यावर आविष्कार माहीमच्या पालिका शाळेत गेली आणि तिथेही तिने निष्ठेने काम केले. पण दादरसारखी सर्वांच्या वाटेवरची जागा मराठी प्रायोगिक नाटकाला पुन्हा मिळाली नाही. १९७८ साली सुरू झालेले पृथ्वी थिएटर उत्तम आहे, अंधेरी-वर्सोव्याच्या आरामनगरात छोट्या रंगजागाही उभ्या राहिल्या, पण तिथला बहुतांश व्यवहार हिंदी आणि इंग्रजी नाटकांचा आहे आणि डोंबिवली, मुलुंड किंवा विरारच्या मराठी प्रेक्षकाला तिथून रात्री परतणे सोपे नाही. प्रभादेवीला पु. ल. देशपांडे कला अकादमीत लघुनाट्यगृह आहे, हे मला माहीत आहे. तथापि भाड्याने तारीख मिळणे आणि एखाद्या संस्थेने वर्षभर जागा चालवून तिथे नाटकवाल्यांची आणि प्रेक्षकांची वस्ती निर्माण करणे, यांत फार अंतर आहे. परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ पासून कामगार रंगभूमीचे आणि कोकणातून आलेल्या चाकरमान्यांच्या नमन-दशावताराचे घर होते. तेही २०२३ साली पुनर्विकासासाठी बंद झाले. मुख्य प्रवाह आणि प्रायोगिक यांच्या भांडणात या तिसऱ्या, गिरणगावच्या रंगभूमीचे नाव कोणी घेतले नाही, याचे मला वाईट वाटले.

पुण्याला ही जागा मिळाली. शनिवार पेठेतील सुदर्शन रंगमंच, हिराबागेतील ज्योत्स्ना भोळे सभागृह, एरंडवण्यातील द बॉक्स आणि आता श्रीराम लागू रंग-अवकाश या जागा सरकारी कृपेने निर्माण झालेल्या नाहीत. संस्थांनी आणि नाटकवाल्यांनी त्या उभ्या केल्या. सुदर्शनला पहिल्या रांगेत बसले की नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो, त्याने आवाज न चढवता उच्चारलेले वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचते आणि नेपथ्य म्हणून आणलेल्या दोन खोक्यांवर दीड तासाचे नाटक उभे राहते. अशा अंतरावरून नाटक पाहायची सवय लागलेला प्रेक्षक वेगळा घडतो. त्याच्या जोडीला १९६३ पासून चालत आलेला पुरुषोत्तम करंडक, म्हणजे महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा, आहे. भरत नाट्य मंदिरात ‘अरे आवाज कुणाचा!’ची आरोळी देणाऱ्या महाविद्यालयीन मुलांपैकी बरीचशी मुले लेखक, दिग्दर्शक, तंत्रज्ञ म्हणून याच छोट्या जागांत पुढचे शिक्षण घेतात. २०२२ साली परीक्षकांनी करंडक कोणालाच द्यायचा नाही असे ठरवले, तेव्हा नाटकाशी संबंध नसलेली माणसेही त्यावर हिरीरीने बोलत होती. मुंबईत एखाद्या एकांकिका स्पर्धेच्या निकालावर असा गदारोळ होईल असे मला वाटत नाही.

असे असूनही पुण्याने समाधान मानण्यासारखी स्थिती नाही. करंडक गाजवणारी मुले पंचविशी ओलांडली की मुंबईची गाडी पकडतात, कारण पुण्यात नाटकावर घर चालत नाही. मालिका, चित्रपट, वेबमालिका आणि व्यावसायिक नाटक हा सारा पगार मुंबईत आहे. पुण्यात राहून काम करणारे गट नोकऱ्या सांभाळून रात्री तालमी करतात, उत्तम नाटक बसवतात आणि मोजक्या प्रयोगांनंतर ते थांबते, कारण एका नटाची बदली झालेली असते, दुसरा चित्रीकरणात अडकलेला असतो आणि दौरे लावणारा व्यवस्थापक कोणाकडेच नसतो. नाटक मुरायला जेवढे प्रयोग लागतात, तेवढे त्याच्या वाट्याला येतच नाहीत. प्रयोग लावणे, तारखा मिळवणे, गावोगावच्या मंडळांशी संधान बांधणे हे मुंबईच्या निर्मात्यांचे कौशल्य पुण्याच्या प्रायोगिक नाटकवाल्यांनी हलके मानले, आणि त्याची किंमत त्यांच्याच नाटकांनी मोजली, असे माझे स्पष्ट मत आहे.

या दोन शहरांच्या चढाओढीत उरलेला महाराष्ट्र कुठेच दिसत नाही, ही तर मोठीच उणीव आहे. ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक जालन्याच्या शेतकरी-कलावंतांनी उभे केले. ‘संगीत देवबाभळी’ हे नाशिकच्या प्राजक्त देशमुख यांचे. आधी एकांकिका म्हणून स्पर्धांत गाजले आणि मग मुंबईच्या भद्रकाली प्रॉडक्शन्सने ते व्यावसायिक रंगमंचावर आणले. एकही ओळखीचा चेहरा नसलेल्या, दोन अभिनेत्रींच्या त्या नाटकाला राज्यभर मिळालेला प्रतिसाद पाहिल्यावर ‘मुख्य प्रवाहाच्या प्रेक्षकाला आशय नको असतो’ हे विधान कोणी पुन्हा करू नये.

माझ्या दोन मागण्या आहेत. मुंबई महानगरपालिकेच्या अनेक शाळांची सभागृहे संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी कुलूपबंद असतात. दादर, परळ, कुर्ला, घाटकोपर यांसारख्या रेल्वेला लगत असलेल्या भागांतील निदान काही सभागृहे शनिवार-रविवारी नाट्यसंस्थांना नाममात्र भाड्याने आणि, हे महत्त्वाचे, वर्षभराच्या कराराने चालवायला द्यावीत. त्यासाठी नवे बांधकाम लागत नाही. विजेची नीट जोडणी, काळे पडदे आणि स्वच्छ प्रसाधनगृह एवढे पुरे. दुसरी मागणी आपल्याकडे आहे. आपल्या दैनिकात व्यावसायिक नाटकांच्या जाहिराती रोज दिसतात, पण जाहिरात परवडत नसलेल्या छोट्या रंगमंचांवरील प्रयोगांची माहिती वाचकाला कुठेच मिळत नाही. आठवड्यातून एकदा, समजा शुक्रवारी, मुंबई, पुणे, नाशिक आणि इतर शहरांतील अशा प्रयोगांची वेळ, ठिकाण आणि तिकीटदर देणारी एक छोटी चौकट आपण विनामूल्य प्रसिद्ध करावी, अशी विनंती आहे. माहिती गोळा करण्यासाठी वाचकांची मदत लागल्यास डोंबिवली आणि ठाण्यापुरते ते काम करण्याची माझी तयारी आहे.

आपला विश्वासू,
एक नाट्यप्रेमी वाचक, डोंबिवली (पूर्व)